गजाच्या गाडीत शेवटी काय बसवायचं?

मंडळी, दापोड्यातले, राहनाळचे, निजामपुऱ्यातले, सगळे आलात. या देवळात मी रोज बोलतो, पण ते देवाशी. माणसांपुढे बोलायची मला सवय नाही. त्यात समोर गजाचा फोटो. त्याच्याकडे बघून बोलवत नाही, आणि न बघता बोललो तर तो रागावेल.

काल दहाव्याचं आटोपलं आणि निलेशनं, गजाच्या मुलानं, मला विचारलं, "काका, अण्णांच्या गाडीत शेवटी काय बसवायचं ठरलं होतं? तुम्हालाच ठाऊक असणार. तेवढं करून टाकतो." त्याचं उत्तर द्यायला आज उभा आहे.

गाडी तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. शेतांवर गोदामं उभी राहिली, हातात पैसा आला, तेव्हा कोणी बंगला बांधला, कोणी ट्रक घेतले. गजानं मुंबईच्या एका माणसाकडून लाल अमेरिकन गाडी आणली. आठ सिलिंडरची. चालू केली की कौलांवरची कबुतरं उडायची. पारावर लोक म्हणायचे, "शेठ, कंटेनरच्या मागं दुसऱ्या गियरमंदी रांगायचं हाय, येवढी ताकद कशाला?" गजा म्हणायचा, "आरं, बांधलेला घोडा बी दारात शोभतो."

आणि त्याला ती ताकद अजून वाढवायची होती. रोज हरिपाठ झाला की मला हाक मारायचा, "चल, ठरवायचं हाय." मला! सायकलपलीकडे मला काही चालवता येत नाही. पण वहिनी गेलेल्या, निलेश पुण्याला. एवढ्या घरात तो आणि ती गाडी.

सलीमभाई, तुम्ही इथं बसला आहात. तुम्हीच बॉनेटवर ते हवा ओढणारं तोंड बसवलंत. मग दसरा आला. गजाच्या बहिणीनं, तारूबायनं, गाडीची पूजा केली आणि झेंडूचा अख्खा हार त्या तोंडात घातला. म्हणाली, "आ करून बसलीय, तिला काय उपाशी ठेवायची?" गाडी वेशीपर्यंत गेली आणि खोकत बंद पडली. तुम्ही फिल्टरमधून पाकळ्या वेचत म्हणालात, "शेठ, हार पहनाते हैं, खिलाते नहीं." गजा हसून हसून खाली बसला. मग डोळे पुसून म्हणाला, "बंद तोंडाचं बसव. ताकद कमी झाली तर होऊ दे. बायचा हात न्हाय धरायचा."

गजा असं ठरवायचा. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर आणला, तर त्या आवाजानं शेजारची म्हैस पान्हा चोरायला लागली. सायलेन्सर उतरवला. सलीमभाई, तुम्ही म्हणालात, "सबसे सस्ता इलाज, वजन कम करो. पीछे की सीट निकालो, बाजू की भी." मागची त्यानं त्याच दिवशी काढली. "तिथं बसायला कोण हाय?" बाजूचीला मात्र हात लावू दिला नाही. माझ्याकडे बोट करून म्हणाला, "तिथं हा बसतो." मंडळी, माझं वजन तुम्ही बघताच आहात. अशी गाडी कुठे धावणार?

शेवटचा प्रश्न राहिला. इंजिनात जास्त हवा कोंबणारा सुपरचार्जर घ्यायचा, की आधी मोठे ब्रेक? सलीमभाई, तुम्ही म्हणत होतात, आधी ब्रेक. एका संध्याकाळी ब्रेकवर आमचं जवळजवळ ठरलंच. गजा नुसता गाडीकडे बघत बसला. चहा गार होऊन गेला. मलाही उठवेना. आता दुसऱ्या दिवशी तो मला कशासाठी हाक मारणार?

मी म्हणालो, "गजा, ब्रेक मोठे घातले तर आत्ताची चाकं बसतील का रे त्यावर?"

त्याचा चेहरा उजळला. "हां! ह्यो इचार आपण केलाच न्हाय. उद्या ये, बघू."

मग ते असंच चाललं. कधी तो शंका काढायचा, कधी मी. ठरू द्यायचं नाही, एवढंच आमचं ठरलेलं होतं. तेही कधी बोललो नाही.

तेव्हा निलेश, ऐक बाळा. काहीच ठरलं नव्हतं. तो गेला त्या दुपारी माझ्याकडे स्प्रिंगांबद्दल एक नवी शंका तयार होती. देवळातून निघताना ती मनात घोळवत होतो. ती तशीच राहिली आहे. कुणाला विचारू?

गाडी तुझी आहे. ब्रेक बसव, सुपरचार्जर बसव, नाहीतर विक. तुझ्या मनात येईल ते कर. पण लगेच करू नकोस. पुण्याहून कधी येशील तेव्हा हरिपाठानंतर मला हाक मार. मी घरीच असतो.

मंडळी, आता उभे राहू या. थोडा वेळ कोणी काही बोलू नका. गजाची हाक थांबल्यापासून रोज संध्याकाळी हरिपाठ संपल्यावर जी शांतता मी एकटा ऐकतो, ती आज तुम्ही माझ्यासोबत ऐका.