सतरा नंबरची शून्यं

हॅलो?… हो ताई, बोल. नाही, तास संपला. खेळाच्या सामानाच्या खोलीत बसलेय, गाद्यांच्या थप्पीवर. इथंच जरा रेंज येते… बघितलेस का आकडे? पाचच्या आत पाठवायचाय गं गाईड मॅडमना माझा शोधनिबंध.

कुठला नंबर?… सतरा. हो, हो… सहाही आठवडे शून्य. नाही, भरायचं राहिलं नाही. अगं ऐक ना. मलाही आधी तेच वाटलं होतं.

गैरहजर कुठली, ती मुलगी एक दिवस चुकली नाही. पीटीच्या तासाला सगळ्यांच्या आधी मैदानावर. आणि सहा आठवड्यांत रिंगकडे एकदाही बॉल टाकलेला नाही. बाकीच्यांचं बघ, कुणाचे चाळीस, कुणाचे साठ…

म्हणून तर निबंधासाठी काढलेले तासांचे सगळे व्हिडिओ परत बघितले. फक्त तिच्याकडे डोळे लावून.

काय दिसणार? रांगेत उभी असते. पुढे दोघी उरल्या की खाली वाकते, बुटाची लेस बांधते, मागच्यांना हातानंच ‘जा पुढे’ म्हणते आणि गुपचूप शेवटी जाऊन उभी राहते. एका तासात सात वेळा. मोजलं मी.

तेच ना. इतकी कशी सुटते लेस? मग व्हिडिओ थांबवला, मोठा करून पाहिला… ताई, तिच्या बुटांना लेसच नाहीत. वेलक्रोचे बूट आहेत, चर्रकन उघडतात ते.

हस, हस. मीही हसले. मग तिचं मागच्या वर्षीचं प्रगतिपुस्तक काढलं. शेरा काय, तर ‘रांगेत शिस्तीने उभी राहते’. माझ्याच अक्षरात.

चाचणी? दोन्ही चाचण्यांना पोट दुखलं… हो, सोयीनं दुखलं.

गाईड मॅडमही हेच म्हणाल्या. अपवाद आहे, काढून टाका, सरासरी सुधारेल. कळतंय गं मला. शेवटचं वाक्यही लिहून तयार आहे. ‘प्रश्न विचारत शिकवल्याने सर्व मुलींचा सहभाग वाढला.’ त्या ‘सर्व’पाशी सकाळपासून अडून बसलेय.

कारण पद्धतच माझी ती. आपण करून दाखवायचं नाही, विचारायचं. कोपर कुठं होतं? बॉल डावीकडे का गेला? आणि हिला सहा आठवड्यांत एक प्रश्न नाही. रांगेत पुढे आलीच नाही, तर विचारणार कधी? दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

काय?… वाकल्यावर कुठं बघते?… थांब, आठवू दे. बुटाकडे नाही बघत. पुढच्यांच्या पायांकडे बघते. किती जणी गेल्या ते मोजत असणार… हो, बरोबर. पण तुला कसं कळलं?



कुठला नळ?… आपल्या शाळेतला, मैदानाच्या कडेचा. आठवतो की.

पीटीच्या दर तासाला पाणी प्यायला?… तहान नसताना?… अगं, पण पाचवीपासून दहावीपर्यंत?

मी कुठं बघणार, मी संघात. मला वाटायचं, तुला खेळ आवडतच नाही. घरात तर ठरूनच गेलेलं, थोरली अभ्यासू आणि धाकटी माकड…

आवडायचं?… कधी बोलली नाहीस ते.

कोण म्हणालं, सर?… सगळ्यांसमोर?… ‘धाकटीकडून शीक जरा.’

मी होते तिथं?… हसले मी?

…मला आठवतसुद्धा नाही गं. नाही, समजूत नको घालूस. वाटू दे थोडं वाईट.

बरं, मग एक विचारू? निबंधासाठी नाही… म्हणजे निबंधासाठीही, पण खरंच जाणून घ्यायचंय. काय केलं असतं म्हणजे तू नळ सोडून आली असतीस?

बोलावलं असतं तर?… नाही? आणखी लांब पळाली असतीस. बरं… शाबासकी दिली असती तर?… तेही नाही.

हं… हं… रांगच नसती तर. म्हणजे?… सगळ्या एकाच वेळी टाकतायत, म्हणून कुणाचं कुणाकडे लक्ष नाही.

एवढंच?… अगं, मी सहा आठवडे शिकवण्याची पद्धत बदलत बसले, आणि रांग तशीच. कुणी सांगितली होती रांग? कुणीच नाही. मला रांगेत शिकवलं, मीही रांगेत शिकवलं.

तेवढे बॉल पुरतील का कुणास ठाऊक. थांब, पोतं ओढते… नऊ, दहा… चौदा. पाच बसलेत, हवा भरावी लागेल. दोघींत एक पुरतो. आणि सुरुवातीला रिंग कशाला, भिंत आहे की एवढी लांबलचक.

उद्या तिसरा तास त्यांचाच. बघू काय होतं… छे, तिला काही बोलणार नाही. बुटांबद्दल तर नाहीच.

निबंधात सतरा नंबर राहू दे. ‘सर्व’ खोडते. एक सोडून सर्व. आणि खाली लिहिते, की ती एक मागे का राहिली हे बाईंनी विचारलंच नव्हतं… पाचचे सहा झाले तर होऊ देत. मॅडम रागावतील, रागावू देत.

ताई… रविवारी येऊ तुझ्याकडे? बॉल घेऊन. मागच्या अंगणात, दोघीच… कुणी नाही बघणार. भाऊजींना पाठव भाजी आणायला.

गुडघे दुखतात?… कधीपासून? आत्तापासून ना?

ये गं अंगणात, चपला घालून ये. फक्त माझा बॉल टाकून झाला, तुझी पाळी आली, की खाली वाकायचं नाही. चपलांना लेस नसतात, मला माहितेय.

हं… ये म्हणजे ये. ठेवते आता, पंप शोधायचाय.