ट्रेलरच्या डाव्या अंगाला

“दिसली नाय? मी दिसली नाय? अरे, मला न बघायला आंधळा पन पुरत नाय, मुडदाच लागतो!” असं मी त्याला भर रस्त्यात बोलत होती, एका हातात माठाची जुडी, दुसरा हात कमरेवर, आनि पायात एकच चप्पल, कारन दुसरी ट्रेलरखाली. सायकलचं मागचं चाक बी ट्रेलरखाली. मी तेवढी बाहेर. का? तर उडी मारली म्हनून! या वयात उडी! माझी सून गुडघा धरून जिना उतरते, आनि मी लुगडं सांभाळून रस्त्यावरनं थेट गटाराच्या कठड्यावर! आनि हा वर खिडकीतनं अर्धा बाहेर लटकून काय सांगतो… “आई, अल्लाची शपथ, तुमी दिसल्याच नाय!”

दिसली नाय म्हने!

तुमाला सांगते, अंगानं मी ही एवढी. लुगडं पोपटी. आवाज खाडीच्या पल्याड जातो, तिकडची कुत्री उठून बसतात. आनि सायकलची घंटी वाजवत होती मी, नुसती वाजवत नव्हती, बडवत होती! मग मला सांगा, दिसायला आजून काय करू? डोक्यावर बत्ती लावू?

आता हा वरचा कोन, तर झहूर. ड्रायव्हर. परका असता तर चार शिव्या घालून मोकळी झाली असती. पन ट्रेलर कोनाचा? माझ्या नामदेवचा! नामदेव म्हनजे माझा पोटचा मुलगा. आमची शेतं गेली बंदराला, मिठागरं गेली बंदराला, मग बंदरानं नामदेवच्या हातात कंटेनर ओढायचं काम दिलं. पयला एक ट्रेलर, मग दुसरा, मग कार्यालय, त्यात एसी, आनि आता न्हावा शेव्यापर्यंत लोक त्याला शेठ म्हनतात. म्हनू देत बापडे. मी त्याचं नाक पुसलंय, मला कोन शेठ सांगतो!

तर शेठला माझ्या सायकलची लाज. “आई, लोक काय म्हनतील, शेठची आई सायकलवर?” अरे, लोक काय म्हनायचं ते म्हनून झालंय! नवरा गेला त्या वर्षी मी मिठागराच्या बांधावर एकटी सायकल शिकली, मिठात पडली, चिखलात पडली, तेव्हा अख्खा गाव दात काढत होता. वाचायला बी कोनी शाळेत नाय बसवलं. ट्रकच्या पाठी वाचून वाचून शिकली मी. ट्रक थांबला की अक्षर लावायचं, ट्रक सुटला की अर्धा शब्द घेऊन घरी यायचं. अशी शिकली. आनि आता खाडीच्या बांधाला माझा एक तुकडा राहिलाय, कोनाच्या नकाशात बसला नाय म्हनून वाचला. तिथं माठ, मुळा, वाल. रोज सकाळी सायकलवर जायचं, पानी घालायचं, दोन शब्द वालाच्या वेलाशी बोलायचे, कारन घरात सगळे मोबाईलशी बोलतात. सायकल गेली की तुकडा गेला. तुकडा गेला की मी त्या टाइल्सच्या घरात, सोफ्यावर, टीव्हीसमोर… कुंडी! पानी घाला नि ठेवा.

आनि झहूरनं आधी काय केलं, तर शेठला फोन. स्पीकरवर. माझी विचारपूस बाजूला, शेठचं पयलं वाक्य काय तर, “मी निघालोय. झहूर, आईला सावलीत बसव आनि ती सायकल भंगारात टाक. आजपासून सायकल बंद!”

बंद! जशी काय माझी सायकल म्हनजे दुकान!

तेवढ्यात आला दुसरा. प्रीतम. खारघरचा. रविवारी सकाळी थवा निघतो ना यांचा, अंगाला चिकटलेले कपडे, डोळ्याला काळा चष्मा, टोपीवर कॅमेरा, कानात बोंडं, त्यातला हा एकटा मागं राहिलेला. सायकल एवढी हलकी की एका बोटानं उचलतो, आनि उचलून दाखवतो बी! थांबला. “आजी, आर यू ओके?” मी काय बोलनार तेवढ्यात खाली वाकला, माझं चाक बघितलं आनि कळवळला, “अरे बापरे, रिम गेली!” आजी राहिली की गेली ते नंतर, आधी रिम!

मग उभा राहिला आनि मला शिकवायला लागला. मला! “आजी, ॲक्च्युअली चूक तुमचीपण आहे. वळणाऱ्या ट्रेलरच्या डाव्या बाजूने कधीच जायचं नाही. तिथे ब्लाइंड स्पॉट असतो.”

“मग कुठनं जाऊ? उजवीकडं दुसरा ट्रेलर, डावीकडं गटार, वरनं उडू?”

“तुम्ही मागे थांबायचं ना.”

“मागं तिसरा ट्रेलर!”

मग त्यानं झहूरला पकडलं. “तुम्ही लोक इंडिकेटर देत नाही!” झहूर वरनं ओरडला, “दिलावता! आईंना विचारा!” दिला होता, खोटं कशाला बोलू. पन मला सांगा, या रस्त्याला इंडिकेटर कोन मनावर घेतो? अर्ध्या ट्रेलरांचा इंडिकेटर दसऱ्याला चालू होतो तो होळीला विझतो! झहूर म्हनतो, “तुमी सायकलवाले कानात बोंडं घालून फिरता, हॉर्न दिला तरी माशी उडवल्यासारखा हात हलवता.” प्रीतम म्हनतो, “तुम्ही हॉर्न देता की बॉम्ब फोडता?” झहूर म्हनतो, “रस्ता तुमच्या बापाचा का?” प्रीतम म्हनतो, “टॅक्स भरतो मी!” आनि मागं यार्डाच्या गेटापासून ट्रेलरची रांग लागलेली, प्यां प्यां, प्यां प्यां, प्रत्येकजन हॉर्नवर झोपलेला. दोघं भांडतायत माझ्यावरनं आनि माझ्याकडं कोनी बघतच नाय. परत दिसली नाय म्हने!

माझं डोकं फिरलं. मी झहूरला बोलली, “उतर खाली.”

“का, आई?”

“मी बसते. बघते तुझ्या डोळ्यांना काय झालंय ते.”

“आई, पडाल!”

“मघाशी पाडत होतास तेव्हा नाय आठवलं!”

चढली. कोनाचा हात घेतला नाय. पायरी ही एवढी उंच, लुगडं दातात धरायचं बाकी होतं, पन चढली, आनि त्याच्या गादीवर जाऊन बसली. झहूर उजव्या दाराच्या पायरीवर लटकून, “आई, कशाला हात लावू नका, आई, तो गिअर हाय, आई…” आनि तुमाला सांगते, वर बसल्यावर मानसाला काय होतं? शेठ होतो! सगळं खाली. टपऱ्या खाली, मोटारी खाली, मानसं म्हनजे तांदळातले खडे, निवडून फेकावेत असे. मला कळलं हे लोक खाली का बघत नायत ते. वर एवढं छान आभाळ असताना खाली कोन बघेल!

मी प्रीतमला ओरडली, “मी होती तिथं डाव्या अंगाला जाऊन उभा राहा!” गेला. आनि… गायब! तो पोपटी टोपीवाला, तो छातीवर चमकनाऱ्या पट्ट्यांवाला, तो कॅमेरा… जसा काय जमिनीनं गिळला! आरशात बघितलं, नुसता कंटेनरचा पत्रा. पुढं बघितलं, नुसतं बोनेट. “कुठं मेलास रे?” खालनं बारीक आवाज, “इथेच आहे, आजी! हात हलवतोय!” हात हलवतोय म्हने! “चार पावलं मागं हो!” मागं झाला. “आजून!” आजून झाला, तेव्हा कुठं आरशाच्या कोपऱ्यात त्याचं तोंड उगवलं. मी विचारलं, “तुला मी दिसते का आरशात?” म्हनतो, “आता दिसता.” “मग आता तू बी दिसतोस! मघाशी दोघं आंधळे होतो!” एवढं सोपं. त्यासाठी याला टोपीवर कॅमेरा!

पन मला एक कोडं सुटेना. आरशात नाय, समजलं. पन डाव्या दाराला एवढी मोठी काच हाय, वाकून बघितलं तर त्या काचेतनं तरी दिसायला नको? वाकली. काच काळी! अख्खी! वरपासनं खालपर्यंत, दिवसा अंधार!

“काय रे झहूर, हा पडदा कशाला लावलास? आत काय नवरी बसलीये?”

झहूर घाम पुसतोय.

“बोल की!”

“आई… तो पडदा नाय.”

“मग काय हाय?”

“तो… तुमीच हाय.”

मला वाटलं याला ऊन लागलं. मग डोक्यात उजेड पडला. गेल्या दसऱ्याला नामदेवनं माझा फोटो काचभर मोठा करून ट्रेलरला चिकटवला होता! हळदीतला फोटो, अंगावर सगळं सोनं, आनि खाली लाल अक्षरात ‘आईचा आशीर्वाद’. बाहेरनं बघितला होता मी, चांगली मान वाकडी करून बघितला होता, नाक जरा फेंगडं आलंय असं बोलली बी होती. आतनं कसा दिसतो ते कोनाला ठाऊक! आतनं नुसती काळी पाठ. म्हनजे बघा… खाली रस्त्यावर कोन? मी. वर डोळे फाडून बसलेला झहूर. आनि दोघांच्या मधी आडवी कोन? मीच! माझाच आशीर्वाद मला चिरडायला निघालेला!

“गाढवा, मग खरवडून काढला का नाय?”

“शेठच्या आईला खरवडू? आई, मला पोरंबाळं हायत!”

आनि मग मला ती डावी शीट दिसली. मोकळी. तिच्यावर डबा, पान्याचा कॅन, एक मळका टॉवेल. तिथं धनाजी बसायचा, क्लीनर. अर्धा धड खिडकीबाहेर, दाराचा पत्रा बडवत, “जाने दे, जाने दे, जाने दे… रुक रुक रुक! आई हाय, आई हाय!” मला तो फाट्यापासनं ओळखायचा. नामदेवनं त्याला काढला. का? “नुसता बसून खातो.” अरे, तो नुसता बसून खात नव्हता, तो नुसता बसून बघत होता! पन बघन्याचा पगार शेठ लोकांच्या जिवावर येतो. धनाजी गेला, तशी काच कायमची वर. काच कायमची वर, मग मोकळी कशाला ठेवायची? चिकटव आई! मानूस उतरवला नि आशीर्वाद चढवला. एसीत बसून अशी अक्कल येते.

तेवढ्यात शेठ आले. पांढरी गाडी, पांढरे बूट, गळ्यात साखळी. खाली उभा राहून दबक्या आवाजात, “आई, आधी खाली ये. लोक व्हिडिओ काढतायत.” काढू देत, मी म्हनाली, नाक सरळ आलं म्हनजे झालं. मग त्यानं प्रीतमला झापलं, झहूरला झापलं, गेटवरच्या वॉचमनला झापलं, ज्याचा काय संबंध नाय. आनि वाकून माझी सायकल ओढायला लागला. “बास झालं. उद्यापासून तुला गाडी, ड्रायव्हर. बांधावर जायचं नाय, भाजी बाजारातनं येईल.”

“हात लावू नकोस.”

“आई, तू गेली असतीस आज!”

“कोनाच्या चाकाखाली?”

“झहूरला कामावरनं काढतो.”

“झहूरला काढ. मग पुढचा ड्रायव्हर त्याच काचेतनं काय बघेल, तुझ्या आईचं ढुंगन?”

मागची रांग हसली. प्यां प्यां पन थांबलं. शेठचा चेहरा पडला, आनि मग त्यानं शेवटचं अस्त्र काढलं, जे तो लहानपनापासनं काढतो. डोळ्यात पानी. “आई, तुझ्यावर जीव हाय म्हनून तर तुझा फोटो लावला ना ट्रेलरला. कोन लावतो आजकाल?”

आता सायकल माझ्याकडंच हाय, नवीन चाक बसलं. झहूर कामावर हाय. फोटो त्यानं तिथंच रस्त्यात, शेठच्या समोर, कानशिलाकडनं खरवडायला घेतला, आनि घाबरून मला विचारत होता, “आई, लागत तर नाय ना?” प्रीतम दर रविवारी त्या गेटाला ट्रेलर वळेपर्यंत मागं थांबतो, कानातली बोंडं मात्र अजून तशीच, तेवढी अक्कल सायकलबरोबर फुकट येत नाय. आनि धनाजी? “बघतो, बोलावतो,” म्हनतो नामदेव. शेठ लोकांचं बघतो म्हनजे ते बघनं नव्हे, ते आपल्याला ठाऊक हाय. रस्ता आहे तसाच हाय, गटार तिथंच हाय, उद्या परत दिसली नाय म्हनतील. पन त्या दिवशी ते भांडन जे मिटलं, रांग सुटली, शेठनं सायकलवरचा हात काढला, ते मी वर गादीवर बसून एकच वाक्य बोलली म्हनून…

“फोटो मी मेल्यावर लाव, नामदेव… जिती हाय तवर मला काचेतनं बघ!”