ओला सरस

कारागीर : ऊठ, आपण घरी जाऊ.

बायको : अहो, आत्ता कुठे दोन रचना झाल्यात! तुम्ही दुरुस्त केलेलं व्हायोलिन वाजतंय. बाईंनी मुद्दाम पहिल्या रांगेत बसवलंय आपल्याला.

कारागीर : तेच नडलंय. इथून त्याची मान स्पष्ट दिसतेय मला. पडून निखळली होती ती, मी सरसाने चिकटवली.

बायको : मग?

कारागीर : सरस चार दिवस वाळू द्यायचा असतो. मी काल दुपारीच सांधा आवळून धरणारा शिकंजा काढला.

बायको : एका दिवसात? का?

कारागीर : बाईंचा फोन आला. 'झालं का? उद्या वाजवू ना?' माझ्या तोंडून निघून गेलं, 'खुशाल वाजवा.' तीस वर्षांत त्यांना नाही म्हटलेलं नाही गं.

बायको : अगंबाई... परत तारा जुळवताहेत त्या.

कारागीर : तिसऱ्यांदा. सांधा सरकतोय, म्हणून सूर उतरतोय. मान सुटली तर तारा थेट डोळ्यावर बसतील त्यांच्या.

बायको : आणि तुम्ही घरी निघालात! मध्यंतर झालं की आत जा.

कारागीर : कुठल्या तोंडाने? उद्यापासून कुणी दारात उभं करणार नाही मला.

बायको : नको करू दे. त्यांचा डोळा गेला तर झोप लागणार आहे तुम्हाला? मी येते बरोबर.

(मध्यंतर. रंगमंचामागची खोली.)

बाई : या. दार लावून घ्या.

कारागीर : ताई, ते व्हायोलिन आता हातात घेऊ नका. सरस ओला आहे. काल मी खोटं बोललो. मान केव्हाही सुटेल.

बाई : म्हणजे... सूर उतरत होता, तो त्यामुळे?

कारागीर : हो. चूक सगळी माझी.

बाई : थांबा. जरा बसू द्या मला.

बायको : पाणी देऊ, ताई?

बाई : नको. मघापासून तार जुळवायचे, बरोबर वाटायची, की लगेच बेसूर. म्हटलं, संपलं, कान गेला आपला. इतकी भ्यायले की आत येऊन हे लिहूनच टाकलं. वाचा.

बायको : 'रसिकहो, हा माझा शेवटचा कार्यक्रम...'

कारागीर : ताई!

बाई : ओरडू नका, बाहेर लोक आहेत. त्या कपाटावर माझं जुनं व्हायोलिन आहे, ते काढा.

कारागीर : अजून मला वाद्याला हात लावू देताय?

बाई : तुम्हीच जुळवा तारा. सुरात आल्या की मी सांगते. बघू, माझ्या कानाला कळतंय का.