मांजे म्हणजे चावणं

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक आजी-आजोबा बसले होते. नातसून फ्रेंच, म्हणून आजींच्या मांडीवर फ्रेंचचं पुस्तक.

"खाण्याला फ्रेंचमध्ये 'मांजे' म्हणतात. त्याचं लॅटिन मूळ काय, ठाऊक आहे?"

"तू सांगितल्याशिवाय थोडीच राहणार आहेस."

"चावणं. नुसतं चावणं."

"मग दात काढल्यापासून मी काही खाल्लंच नाही म्हण."

"गिळलंत. तेही आतल्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून."

"तुझ्यासमोर बोळकं हलवत बसू?"

"मी काही तुमचे दात बघून लग्नाला हो म्हटलं नव्हतं."

आतून हाक आली. आजोबा गेले आणि नवी कवळी लावून परतले.

"जमेल ना चावायला?"

"भाजी जरा कच्चीच ठेव. आणि ताटं समोरासमोर मांड."