गुडघा कशानं गेला

हाडांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक निवृत्त फुटबॉलपटू बसले होते. चष्मा घरी राहिल्यामुळे त्यांचा फॉर्म बायको भरत होती.

"पेशा?"

"व्यावसायिक स्ट्रायकर. बारा वर्षं, एकतीस गोल. चार नुसतेच माझ्या पाठीला लागून आत गेले, ते सोड."

"इथं गोल विचारलेले नाहीत. गुडघ्याला दुखापत कशी झाली?"

"लिही, अंतिम सामन्यात बचावपटूनं पाय घातला."

"अहो, ही जावयाला सांगायची गोष्ट. डॉक्टर उद्या गुडघा उघडून बघणारच आहेत. खरं सांगा."

"गोल मारला, आनंदानं कोपऱ्याकडे धावलो आणि गुडघ्यांवर घसरलो. गवत कोरडं होतं. कट्‌कन आवाज आला."

"म्हणजे स्वतःच मोडून घेतलात."

"वर बघतो तर लाइनमनचा झेंडा वर. ऑफसाइड. गोलच नव्हता."

"आणि तो बचावपटू?"

"त्याचा पाय आधी जरा घासला होता. एवढ्या लोकांसमोर काय सांगणार? त्याच्याकडे बोट दाखवलं."

"तो तर दर वर्षी फोन करून माफी मागतो."

"बावीस वर्षं. मीही दर वर्षी मोठ्या मनानं माफ करतो."

"शोभतं का तुम्हाला? लावा त्याला फोन."

"ऑपरेशन झाल्यावर लावतो."

"आत्ता. नाहीतर फॉर्मवर सगळं लिहिते, लाइनमनसकट."

"लावतो बाई. हॅलो, मी बोलतोय. नाही रे, तू कशाला माफी मागतोस? आधी ऐक तरी."