वळणावरचा दगड

जळगाव जामोदच्या स्टँडवर गुलाबराव पुस्तक उघडून बसले होते. मागच्या बाकावर कडूबा आणि छाया बोलत होते. जंगलातल्या टेकडीची पायवाट हौसेनं साफ ठेवणाऱ्या मंडळातली ही माणसं. रोज तीच वाट चढूनही गुलाबरावांना त्यांच्याशी बोलायचा धीर झाला नव्हता.

"कडूबाभाऊ, वळणावरचा दगड काऊन ढकलून देल्ला?"

"वाटेत येत होता. साफसफाई म्हनजे साफसफाई!"

"एखाद्या दिवशी देवही फेकसान! त्या दगडावर ते पुस्तकवाले बाबा टेकत होते. काल तिथवर आले, इकडंतिकडं पाह्यलं अन् माघारी गेले."

"मंग बोलले काऊन नाही?"

"ते कोनाशीच बोलत नाहीत. पन चढणाऱ्यांसाठी आपल्या मंडळानं पायथ्याशी ठेवलेली काठी उतरल्यावर रोज जागच्या जागी ठेवतात. बाकीचे घरी नेतात."

"बरं बाई, रविवारी दगड परत आनू. पन चढावर ढकलाले अजून एक मानूस पायजे."

गुलाबराव उठले. मागे वळून हात जोडताना पुस्तक खाली पडलं.

"मी... मी येऊ का?"

छायानं पुस्तक उचलून पदरानं पुसलं.

"या ना, बाबा. ढकलाले आमी आहो. तुमी फक्त बसून सांगा, डुगडुगते का."