पिळणाऱ्या मशीनवरचा कौल

बँकॉकच्या त्या बोळातल्या लाँड्रीत बसायला जागा नव्हती, म्हणून दुआनताई चालू मशीनच्या झाकणावरच टॅरोचे पत्ते मांडायची. मशीन रिकामं व्हायची वाट बघत उभ्या असलेल्या प्रानीच्या कानांवर ताई आणि तिच्याकडे आलेल्या बाईचं सगळं बोलणं पडत होतं.

"ताई, नवरा मासे धरायला म्हणून जातो आणि येताना अंगाला अत्तराचा वास! सोडू का त्याला?"

"हा बघ, आपणहून उडाला तो पत्ता खरा. काळजात खुपसलेल्या तलवारी! सोड."

"अहो, मशीन पिळायला लागलं म्हणून उडाला तो!"

"मग? दैवाला काय टेबल-खुर्ची लागते?"

"बरं, सोडलंच मग. आजच!"

"शाब्बास! मशीनमध्ये काय आहे गं?"

"त्याचेच शर्ट. पत्ते उचला ना लवकर, वाळायला हवेत. उद्या घालेल काय तो?"